गुडघा कुरकुरतोय आणि ६२० किलोमीटर समोर आहेत

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“माझं वय ४८, वजन ६६ किलो. कर्करोग झालेल्या मुलांच्या उपचारांसाठी निधी जमवणाऱ्या एका सायकल राइडमध्ये मी नाव दिलंय. सहा दिवस, ६२० किलोमीटर. चौथा दिवस सगळ्यात अवघड, ११८ किलोमीटर आणि १,९०० मीटर चढ. नऊ आठवडे उरलेत. सध्या आठवड्याला तीन राइड मिळून १३० किलोमीटर होतात, एका वेळी जास्तीत जास्त ७०. पण ४५-५० नंतर दोन्ही गुडघे वाटीभोवती पुढच्या बाजूला दुखायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ येते. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट संध्याकाळपर्यंत बधिर असतं. बसायच्या जागी कातडी सोलवटते, म्हणून मी सीटचं टोक थोडं खाली झुकवून घेतलं. सायकल मैत्रिणीकडून घेतलेली आहे. सीटची उंची ६८.५ सेंटीमीटर, माझ्या पायाचं आतून माप ८०. पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ असे गिअर आहेत. बीपीची गोळी रोज चालू आहे. राइडच्या आधी एक वेदनाशामक गोळी घेते, तेवढ्यावर निभतं. ६३ जणांनी पैसे दिलेत, काहींनी किलोमीटरमागे द्यायचं कबूल केलंय. घरचे म्हणतात नाद सोड. इतक्या लोकांनी विश्वास टाकलाय, तर शरीर रेटून न्यावं का?”

ताई,

तुमच्या पत्रातल्या सगळ्यात कामाच्या गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: ६८.५, ८०, आणि ‘टोक खाली झुकवून घेतलं’. तुम्ही तीन दुखणी सांगितलीत, पण आमच्या मते ती एकाच ठिकाणाहून सुरू होतात आणि त्यातलं बरंचसं घरी, दोन ॲलन की (षट्कोनी चाव्या) घेऊन, दुरुस्त करता येईल. म्हणून आधी उत्तर सांगतो: नऊ आठवड्यांत तुमची तयारी होऊ शकते. गोळी घेऊन मात्र चालवू नका, आणि आज आहे त्या सीटवर तर नकोच.

साखळी अशी आहे. सीट तुमच्या पायाच्या मानाने खाली आहे. त्यामुळे पेडल वर येतं तेव्हा गुडघा गरजेपेक्षा जास्त दुमडतो आणि त्याच अवस्थेतून जोर लावायला सुरुवात होते. दुमडलेल्या गुडघ्यावर जोर आला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. पुढच्या बाजूचं दुखणं आणि जिना उतरतानाची कळ ही त्याचीच नेहमीची खूण. बैठकीला त्रास व्हायला लागला म्हणून तुम्ही टोक खाली केलंत. ते स्वाभाविक होतं, पण आता शरीर सतत पुढे घसरतं. घसरू नये म्हणून तुम्ही नकळत हातांनी हँडल रेटता. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेतून अल्नर नावाची नस जाते, ती दबते आणि नेमकी तीच दोन बोटं बधिर होतात. घसरायचं, परत मागे सरकायचं, पुन्हा घसरायचं, असं तासाला शंभर वेळा झालं की कातडी सोलवटणारच. शिवाय पुढे सरकून बसल्यावर गुडघा आणखी दुमडतो. म्हणजे फिरून तिथेच.

पहिलं काम टोकाचं. सायकल सपाट फरशीवर उभी करा, सीटवर पुढून मागे एक कडक पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवा, त्यावर फोन ठेवून लेव्हल मोजायचं ॲप लावा. शून्य अंश आणा. टोक एखाद-दुसरा अंश खाली चालेल, त्याहून जास्त नको. या स्थितीत दोन छोट्या राइड करा, २०-२५ किलोमीटरच्या, आणि मगच उंचीला हात लावा. दोन्ही बदल एकदम केले तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हे कळत नाही.

उंचीचा एक जुना हिशोब आहे: पायाचं आतून माप गुणिले ०.८८३. तुमच्यासाठी ८० × ०.८८३ म्हणजे ७०.६ सेंटीमीटर. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, ज्या आसाभोवती फिरते त्याच्या मध्यापासून सीटच्या नळीला धरून सीटच्या माथ्यापर्यंत ही उंची मोजायची. तुमची सीट त्यापेक्षा २१ मिलिमीटर खाली आहे. पण एका दिवसात २१ मिलिमीटर वर नेऊ नका. स्नायू आणि स्नायुबंध इतक्या दिवसांत त्या खालच्या उंचीला सरावलेले असतात, एकदम ताणले की गुडघ्याच्या मागच्या बाजूला नवं दुखणं सुरू होतं. सीटपोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे इलेक्ट्रिशियनच्या टेपची पट्टी गुंडाळा. तीच तुमची शून्य खूण. ५ मिलिमीटर वर, दोन राइड, पुन्हा ५. बोल्ट आवळताना क्लॅम्पवर छापलेला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पाहा, बहुधा ५ ते ६ न्यूटन मीटर असतो. जास्त आवळून क्लॅम्प तडकतो आणि कमी आवळला तर सीट राइडभर हळूहळू खाली बसत जाते. टेपची पट्टी फ्रेमच्या कडेला चिकटून आहे ना, हे घरी आल्यावर बघितलं की ते लगेच कळतं.

७०.६ हा आकडा गाठलाच पाहिजे असं नाही. पुष्कळांना तो दोन-पाच मिलिमीटर जास्तच होतो. भिंतीला टेकून सायकलवर बसा आणि टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली न्या. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर ठेवलात की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक उरतो, तो बरोबर. मागून कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. पेडल मारताना कंबर डावी-उजवी डोलत असेल, पाऊल खाली जाताना चवड्याचं टोक ताणलं जात असेल, गुडघ्याच्या मागे किंवा टाचेच्या वरच्या शिरेत ओढ बसत असेल, तर सीट जास्त वर गेली. ५ मिलिमीटर खाली या.

एक गोष्ट अनेकदा राहून जाते. सीट दोन सेंटीमीटर वर गेली की हँडल आपोआप तेवढंच खाली गेल्यासारखं होतं, आणि हातांवरचा भार वाढतो. तुमच्या बोटांना ते परवडणार नाही. स्टेमच्या, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणाऱ्या तुकड्याच्या, वरच्या बाजूला स्पेसरच्या रिंगा शिल्लक असतील तर त्या खाली घेऊन हँडल वर आणा. नसतील तर स्टेम उलटा बसवून बघा. यात आवळण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी वरच्या टोपीचा बोल्ट हलका, मग स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट. उलट केलंत तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, ढिला राहतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. खटखट जाणवली तर पुन्हा खोला. हात इथे नवखा असेल तर हे काम मेकॅनिककडून करून घ्या. सीटचं मात्र स्वतःच करा, कारण ते आठ-दहा वेळा करावं लागणार आहे.

आता गिअर. चौथ्या दिवशी तुम्ही सात तास पेडल माराल असं धरू. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर एक गुडघा त्या एका दिवसात ३३,६०० वेळा वाकतो. पाच मिलिमीटरचा किंवा थोड्या जास्त जोराचा फरक इतक्या वेळा गुणला जातो. म्हणून जड गिअरवर दम काढत चढण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवणं गुडघ्याला कितीतरी सोसतं. सपाटीवर मिनिटाला ८० ते ९० फेऱ्या ठेवा. मोजायला यंत्र लागत नाही: १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा आणि चारने गुणा.

चढावर तुमचे गिअर कमी पडतील, हे आताच मान्य करून टाका. तुमचा सगळ्यात हलका गिअर पुढे ३४ दात्यांचा, मागे २८ दात्यांचा. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. म्हणजे क्रँकच्या एका फेरीत सायकल २.५५ मीटर पुढे जाते. खड्या चढावर वेग ताशी ७ किलोमीटरवर आला की पायांच्या फेऱ्या मिनिटाला फक्त ४६ होतात. ही गुडघे दळण्याची गती आहे. मागे ११-३४ ची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, बसवलीत तर त्याच वेगाला ५६ फेऱ्या मिळतात. दहा फेऱ्यांचा फरक कागदावर लहान दिसतो, तासाभराच्या चढावर तो पायांना कळतो. पण नुसती कॅसेट बदलून भागेलच असं नाही. मागच्या डिरेल्युअरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेचा) पिंजरा आखूड असेल तर ३४ दात्यांची चकती त्याला झेपत नाही, लांब पिंजऱ्याचा लागतो, आणि चेनही लांब करावी लागते. चेन आखूड राहिली आणि पुढे मोठा, मागे मोठा असा गिअर चुकून पडला तर डिरेल्युअर मोडून चाकात जाऊ शकतो. मेकॅनिकला ‘पुढे ५०, मागे ३४ टाकून दाखव’ असं स्टँडवरच सांगा. हा बदल पुढच्या दोन आठवड्यांत करा, ऐन राइडच्या तोंडावर नको.

बोटांसाठी आणखी थोडं. टायरमध्ये हवा किती भरता ते लिहिलेलं नाही, पण बरेच जण गरजेपेक्षा टणक टायर चालवतात आणि रस्त्याची प्रत्येक कंपनं हातात येतात. २८ मिलिमीटरचे टायर असतील तर तुमच्या वजनाला मागे ६५-७० आणि पुढे ६०-६५ पीएसआय पुरे. हाताची जागा दर दहा मिनिटांनी बदला: ब्रेकच्या मुठींवर, वरच्या आडव्या भागावर, कोपऱ्यांवर. कोपरं जराशी वाकलेली ठेवा. राइडनंतर बोटं तासाभरात मोकळी होऊ लागली तर आपण योग्य वाटेवर आहोत. तीन आठवड्यांनंतरही संध्याकाळपर्यंत बधिरपणा राहिला, किंवा अंगठा आणि तर्जनीत धरलेला कागद कुणी सहज ओढून नेऊ शकत असेल, तर नसेला इजा होते आहे. मग डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढची राइड नाही.

कातडीचं दुखणं लोक लाजेनं सांगत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यानेच घरी परततात. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. आधी सीटची रुंदी. जाड पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, किंचित पुढे वाका, पायाच्या टाचा उचला आणि मिनिटभराने उठा. बैठकीच्या दोन हाडांचे दोन खळगे उमटलेले दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात २० ते ३० मिलिमीटर मिळवा. सीटची मागची रुंदी साधारण तेवढी हवी. सीट अरुंद असेल तर वजन हाडांऐवजी मधल्या मऊ भागावर येतं, आणि मग कितीही गादी असली तरी त्रास होतोच. जाड, मऊ सीट घेऊ नका. हाडं तिच्यात रुततात आणि कडेचा भाग वर येऊन घासतो.

पॅड असलेल्या शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. शिवण घासते आणि ओल धरून ठेवते. सहा दिवसांसाठी तीन शॉर्ट्स घ्या म्हणजे रोज धुतलेली आणि पूर्ण वाळलेली मिळेल. निघण्यापूर्वी घासल्या जाणाऱ्या जागी शॅमी क्रीम (घर्षण कमी करणारं मलम) लावा, दुपारच्या थांब्यावर पुन्हा. राइड संपल्यावर गप्पा मारत ओल्या शॉर्ट्समध्ये बसू नका. आधी धुणं, कोरडं करणं, सैल सुती कपडे. रोज संध्याकाळी हातआरशात बघा. नुसती लाली असेल तर क्रीम आणि विश्रांतीने उतरते. केसाच्या मुळाशी दुखरी गाठ, पू किंवा उघडी जखम दिसली तर ती जागा दाबली जाणार नाही अशी सोय होईपर्यंत सायकल बंद. चालवताना दर १५-२० मिनिटांनी वीस-तीस सेकंद पेडलवर उभ्या राहा, म्हणजे दाबलेल्या भागात रक्त परत येतं. मधल्या नाजूक भागात बधिरपणा आला तर तो सवयीने जाईल असं समजू नका. सीटची रुंदी किंवा कोन चुकल्याची ती खूण आहे.

आता गोळीबद्दल, आणि हे नीट वाचा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीची औषधं मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवणारी रसायनं कमी करतात. एरवी एखादी गोळी शरीर सांभाळून घेतं. पण पाच-सात तास घाम गाळून पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडाला तोच प्रवाह हवा असतो. त्यात बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणारी किंवा एसीई इन्हिबिटर जातीची, सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. जठरातून रक्तस्राव होण्याची भीती वेगळी. आणि सगळ्यात साधं कारण: गोळी दुखणं झाकते, वाटीखालचा दाब तसाच राहतो. आज ‘निभतं’ असं वाटतंय, कारण थांबायची सूचना तुमच्यापर्यंत पोचतच नाही. गोळीशिवाय तुमचा गुडघा कुठल्या किलोमीटरला बोलतो, हे आम्हाला आणि तुम्हाला कळायला हवं. नऊ आठवड्यांची सगळी आखणी त्या आकड्यावर उभी आहे.

याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन ६२० किलोमीटरचा बेत सांगा. ईसीजी किंवा श्रमचाचणी लागेल का, बीपीची गोळी राइडच्या दिवसांत कधी घ्यायची, मीठ किती चालेल, हे तीन प्रश्न लिहून न्या. गोळी बीटा ब्लॉकर असेल तर नाडीचा वेग श्रमाच्या मानाने कमीच वाढतो, मग घड्याळातल्या नाडीवरून श्रम ठरवू नका. पूर्ण वाक्य न तुटता बोलता येतंय का, हीच कसोटी ठेवा.

‘रेटावं का’ या तुमच्या प्रश्नाला हो-नाही असं एक उत्तर नाही, कारण श्रम आणि इजा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मांड्या दोन्ही बाजूंना सारख्या भरून येणं, मान अवघडणं, चढावर नकोसं होणं, तिसऱ्या दिवशी सकाळी पाय लाकडासारखे वाटणं आणि दहा किलोमीटरनंतर सुटणं, हा श्रम आहे. तो सोसावा, तो सोसायलाच तुम्ही नाव दिलंय. एका बिंदूवर बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं, दर किलोमीटरला वाढत जाणारं, एका पायाला वाचवत पेडल मारायला लावणारं, किंवा रात्री झोपेतून उठवणारं, ही इजा. शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. तीनपर्यंत चालवा. चार-पाचला गिअर हलका करा, वेग उतरवा, पुढच्या थांब्यावर दहा मिनिटं थांबा. पाचच्या वर गेलं, किंवा दुसऱ्या सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त दुखलं, तर तो दिवस सायकलचा नाही. गुडघा सुजला, अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला तर आकड्यांची वाट न बघता अस्थितज्ज्ञांना दाखवा.

काही वेळा तर चर्चाच नको: छातीत दाब, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधार, बोलण्यात असंबद्धपणा, कोलासारखी गडद लघवी, एकाच पोटरीला सूज आणि कळ, पडून डोक्याला लागणं. तिथल्या तिथे उतरा आणि वैद्यकीय मदत घ्या. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागलं तर रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतून थंड करत राहा.

पुढची आखणी. पहिला आठवडा मुद्दाम कमी: तीन सपाट राइड, मिळून ९० किलोमीटर, सीटचे बदल आणि हलके गिअर एवढंच. दुसरा १२०, तिसरा १४५. तिसऱ्यापासून शनिवार-रविवार सलग चालवा, म्हणजे ६० आणि ४०. सहा दिवसांच्या राइडला हीच खरी तालीम आहे, कारण शरीराला थकलेल्या पायांनी पुन्हा सुरुवात करायला शिकवायचं असतं. चौथा आठवडा १०० वर उतरवा. या सैल आठवड्यातच शरीर भरून निघतं, तो गाळू नका. पाचवा १७०, त्यात ७५ आणि ५५ सलग. सहावा २००, त्यात ९० आणि ६५, शक्य तितका चढ. सातव्या आठवड्यात तीन दिवस सलग ८०, १०० आणि ६०, राइडला न्यायच्याच शॉर्ट्स, बूट, सीट, खाणं-पिणं घेऊन. आठवा ११०. नववा फक्त पाय सैल ठेवायला ६०, आणि शेवटचे दोन दिवस काही नाही. मध्ये कुठे गुडघ्याचा आकडा चारवर गेला तर तो आठवडा पुन्हा करा, पुढच्यावर उडी नको.

यासोबत आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं व्यायाम. पायरीवर एका पायाने उभं राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला टेकवून परत यायचं. गुडघा आत झुकू द्यायचा नाही. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची. प्रत्येकी १० ते १२, तीन फेऱ्या. वाटीभोवतीच्या दुखण्यात मांडीइतकाच कुल्ल्याचा स्नायू महत्त्वाचा असतो, कारण गुडघा सरळ रेषेत तोच धरून ठेवतो. राइडच्या दहा दिवस आधी हे थांबवा.

खाण्याचं गणित सोपं आहे आणि तरी बहुतेकांचं चुकतं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या तासापासून. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळ्यांएवढं काहीतरी, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. भूक लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. पाण्यासाठी एका सराव-राइडच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम, त्यात वाटेत प्यायलेलं मिळवा आणि तासांनी भागा. बहुतेकांचं उत्तर तासाला अर्धा ते पाऊण लिटरच्या आसपास येतं. राइडनंतर वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही जास्त प्यायलात. नुसतं पाणी अतोनात प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक ते कमी पाण्याचं लक्षण समजून आणखी पितात. डॉक्टरांनी मिठाला हरकत घेतली नाही तर लिटरभर पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ घाला. त्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं.

प्रत्यक्ष राइडमध्ये पहिला दिवस बिघडवतो. उत्साह, सोबतचे वेगवान लोक, फोटो. पहिल्या दोन तासांत तुम्हाला वाटेल की आपण फारच हळू चाललोय. तेवढाच वेग ठेवा. थांबे दर २०-२५ किलोमीटरला, दहा मिनिटांचे. पंधरा-वीस मिनिटांवर गेले की पाय थंड पडून आखडतात. दुपारनंतर पाय सुजतात, बुटाचे पट्टे सैल करा, नाहीतर चवड्याखाली जळजळ सुरू होते. उतारावर थकलेल्या माणसाचा अंदाज चुकतो, म्हणून शेवटच्या तासात पुढच्या सायकलपासून अंतर वाढवा. संध्याकाळी पोचल्यावर अर्ध्या तासात जेवण, त्यात २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असू द्या, मग झोप. सकाळी सायकलला हात लावण्याआधी एक पायरी उतरून बघा. तीनच्या आत आहे का?

आयोजकांना आताच विचारून ठेवा: सपोर्ट गाडी सगळ्यात मागे कोण चालवतं, तिच्यात किती सायकली मावतात, चढाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत नेऊन सोडतात का, दिवसाची अंतिम वेळ काय. अनेक मोठ्या निधी-राइडमध्ये छोटे मार्गही असतात. अमेरिकेत १९८० पासून चालणाऱ्या पॅन-मास चॅलेंजमध्ये एक दिवसाचे आणि दोन दिवसांचे वेगवेगळ्या लांबीचे मार्ग निवडता येतात, आणि छोटा मार्ग घेणाऱ्याचा निधी कमी मोलाचा मानत नाहीत. सातव्या आठवड्याच्या तीन दिवसांत तिसऱ्या सकाळी गुडघा तीनच्या आत राहिला, बोटं तासाभरात मोकळी झाली आणि कातडी शाबूत असली, तर सहाही दिवस चालवा. त्यातलं एक जरी बिघडलं, तर चौथ्या दिवसाचा चढ गाडीतून आणि बाकीचे पाच दिवस सायकलवर, असं तेव्हाच ठरवून टाका. चढावर अर्ध्या वाटेत, दमलेल्या डोक्याने हा निर्णय बरोबर होत नाही.

राहिले ते ६३ जण. कर्करोगात एक पाय गमावलेला आणि कर्करोग-संशोधनाच्या निधीसाठी कॅनडाभर धावायला निघालेला तरुण टेरी फॉक्स १ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बेजवळ धावायचा थांबला, तेव्हा कॅनडाची साधारण दोन तृतीयांश वाटच सरली होती. कर्करोग फुप्फुसात पोचला होता. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाले होते. त्याच्या थांबण्यानंतर निधी आटला नाही, उलट पुढच्या काही महिन्यांत पैशांचा ओघ वाढला. पैसे देणारा माणूस मुलांच्या उपचारांसाठी देतो. तुमचे गुडघे त्याने तारण घेतलेले नाहीत. किलोमीटरमागे देणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगायला हवं, आणि त्यांनी एक ठरलेली रक्कम द्यावी अशी विनंती करण्यात काही गैर नाही. मजकूर असा चालेल:

“मी सहा दिवसांची राइड करणार आहे. गुडघ्याचा त्रास असल्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने तयारी सुरू आहे. गरज पडली तर काही टप्पा सपोर्ट गाडीतून करेन आणि प्रत्यक्ष किती किलोमीटर चालवले ते रोज संध्याकाळी कळवेन. तुमची मदत किलोमीटरमागे ठरली असेल तर ती एका ठरावीक रकमेत बदलता येईल का, ते कृपया कळवा. नाही जमलं तरी हरकत नाही, चाललेल्या अंतराचाच हिशोब देईन.”

हे या आठवड्यातच पाठवा. राइडच्या आदल्या रात्री पाठवलंत तर ती सबब वाटेल, आज पाठवलंत तर हिशोब चोख ठेवणाऱ्या माणसाचं पत्र वाटेल.